झिजलेल्या हाताची नुकसानभरपाई : मालकाने आणि कारागिराने काय जाणावे?

पिंपळगाव बसवंतचे नाव देशभर पोहोचले ते कांदा, टोमॅटो आणि द्राक्षांमुळे. मुंबई-आग्रा महामार्गावरच्या या गावात माल येतो, त्याचा लिलाव होतो, तो निवडला जातो, भरला जातो आणि ट्रकमध्ये चढून बाहेरगावी जातो. यंत्रे आली, वजनकाटे इलेक्ट्रॉनिक झाले, तरी या प्रत्येक टप्प्यावर माणसाचा हात लागतोच. गोणी उचलणारा हमाल, खळ्यावर कांदा निवडणाऱ्या बाया, दाभण-सुतळीने गोणीचे तोंड शिवणारा, खोकी ठोकणारा, द्राक्षाच्या घडांची विरळणी करणारा मजूर हे या बाजाराचे हात आहेत. बाजाराच्या आधाराने गावात गॅरेजवाले, वेल्डर, ताडपत्री शिवणारे, टेलर, गादीवाले पिंजारी आणि खाटीक आपली रोजी कमावतात. या धंद्यांत आपल्या समाजाची पुष्कळ घरे आहेत. कुठे मालक आपला आहे, कुठे कारागीर आपला आहे आणि कुठे दोघेही एकाच मशिदीत एका सफेत उभे राहणारे आहेत. म्हणूनच आजचा विषय आम्ही दोघांनाही समोर ठेवून मांडत आहोत.

कामावर हात कापला, बोट पट्ट्यात सापडले, अंगावर गोणी पडली, तर मालकाला काही देणे लागते हे आता बहुतेकांना माहीत झाले आहे. पण ज्या कारागिराचे मनगट दहा-बारा वर्षे एकच काम करून निकामी झाले, त्याचे काय? त्याच्या हातातून रक्त आले नाही, पोलिसात नोंद झाली नाही, कोणी साक्षीदारही नाही. एके दिवशी त्याला कातर धरता येईनाशी झाली, एवढेच. असा कारागीर मालकाकडे गेला की मालक म्हणतो, "माझ्याकडे तुला काही लागले नाही." कारागीर म्हणतो, "मग हे दुखणे आले कुठून?" दोघेही आपापल्या परीने खरे बोलत असतात. वाद सुरू होतो तो इथून.

दुखणे कसे जडते?

डॉक्टर या दुखण्यांना एकत्रितपणे आरएसआय म्हणतात. म्हणजे एकच हालचाल पुनःपुन्हा केल्याने, त्यातही जोर लावून किंवा अवघडलेल्या स्थितीत केल्याने, स्नायू, कंडरा आणि मज्जातंतूंना होणारी इजा. कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी. मनगटाजवळ या दोऱ्या एका नळीसारख्या आवरणातून सरकतात. आवरणात वंगणासारखा द्रव असतो. हालचाल फार झाली आणि विश्रांती कमी पडली की आवरणाला सूज येते, दोरी घासू लागते आणि दुखणे सुरू होते.

समजा, एक माणूस दिवसाला २०० गोण्यांची तोंडे शिवतो आणि प्रत्येक गोणीला ८ टाके घालतो. म्हणजे दिवसाला १,६०० वेळा त्याचे मनगट जोर लावून वळते. एखाद्या हमालाने ५० किलोच्या २०० गोण्या उचलल्या, तर त्याच्या पाठीवरून एका दिवसात १० टन माल गेला. टोमॅटोच्या हंगामात २० किलोचे ३०० क्रेट चढवले तर ६ टन झाले. एका गोणीने किंवा एका टाक्याने काही बिघडत नाही. बिघडते ते बेरजेने.

दुखण्याचे प्रकारही ओळखून ठेवावेत. अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर कळ येते, पिळताना किंवा कातर दाबताना ती वाढते, तर अंगठ्याच्या कंडरांना सूज असू शकते. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू यांना मुंग्या येतात, रात्री जाग येते, हात झटकला की बरे वाटते, तर मनगटातल्या बोगद्यात मज्जातंतू दाबला गेलेला असू शकतो. त्याला कार्पल टनेल म्हणतात. बोट वाकते पण सरळ होताना अडकते आणि खटकन सुटते, हा तिसरा प्रकार. कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखणे हा हातोडा, पाना आणि सुरा चालवणाऱ्यांचा नेहमीचा त्रास. यातली बरीच दुखणी सुरुवातीला विश्रांतीने आणि कामाची पद्धत बदलल्याने बरी होतात. उशीर केला तर हाताची पकड कायमची कमी होऊ शकते.

हे दुखणे नवे नाही

काही मालकांना वाटते की हे संगणकाच्या काळातले नवे खूळ आहे. तसे नाही. इटलीचे वैद्य बर्नार्डिनो रामाझिनी यांनी १७०० साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे १७१३ मध्ये त्याची वाढवलेली आवृत्ती निघाली. दिवसभर लिहिणाऱ्या लेखनिकांचा हात कसा निकामी होतो, याचे वर्णन त्यांनी केले आहे. इंग्लंडमध्ये तारयंत्राची कळ दाबून दाबून तार खात्यातील लोकांचा हात आखडू लागला, तेव्हा १९०८ साली या दुखण्याचा समावेश तिथल्या भरपाई कायद्याच्या रोगयादीत झाला.

तरीही वाद संपले नाहीत. १९९३ साली लंडनमध्ये एका मोठ्या वृत्तसंस्थेच्या उपसंपादकाचा दावा न्यायालयाने फेटाळला. आरएसआय नावाचा वेगळा रोग मानायलाच न्यायाधीश तयार झाले नाहीत. त्याच वर्षी इंग्लंडमध्येच टर्की आणि कोंबड्या साफ करून भरणाऱ्या कामगारांनी मात्र दावा जिंकला, कारण मालकाने त्यांना धोक्याची सूचना दिली नव्हती आणि काम आलटून-पालटून दिले नव्हते. या दोन निकालांतून एक धडा घेण्यासारखा आहे. नुसते "हात दुखतो" म्हणून दावा उभा राहत नाही. दुखण्याचे नेमके नाव, कामाची नेमकी पद्धत आणि मालकाची नेमकी कसूर मांडता आली, तर तो उभा राहतो.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१० मध्ये सुधारलेल्या व्यावसायिक रोगांच्या यादीत मनगटाच्या कंडरांची सूज, कोपराचे दुखणे आणि कार्पल टनेल यांना स्पष्ट जागा दिली आहे. ही यादी शिफारशीच्या स्वरूपाची आहे. ती कोणत्याही देशावर आपोआप बंधनकारक होत नाही.

आपला कायदा काय म्हणतो?

आपल्याकडे या विषयाचा मूळ कायदा १९२३ चा. त्याचे जुने नाव कामगार नुकसानभरपाई कायदा. २००९ च्या दुरुस्तीने त्याचे नाव कर्मचारी नुकसानभरपाई कायदा झाले आणि ती दुरुस्ती १८ जानेवारी २०१० पासून अमलात आली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आणि भरपाईचा विषय तिच्या सातव्या प्रकरणात गेला. जुन्या कायद्याचा सांगाडा संहितेने बहुतांशी तसाच ठेवला आहे. त्या तारखेपूर्वी घडलेल्या दुखापतीचा हक्क नवी संहिता आल्याने पुसला जात नाही.

या सांगाड्यात भरपाई मिळण्याचे दोन दरवाजे आहेत. पहिला दरवाजा अपघाताचा. कामामुळे आणि काम चालू असताना अपघात होऊन शरीराला इजा झाली पाहिजे आणि तिच्यामुळे तीन दिवसांपेक्षा जास्त काळ काम करता आले नाही पाहिजे. दुसरा दरवाजा व्यावसायिक रोगाचा. कायद्याला एक यादी जोडलेली आहे. यादीतला रोग ठरावीक कामात जडला, तर तो अपघातच मानला जातो. या यादीत शिसे, पारा, क्रोमियम यांची विषबाधा आहे, गोंगाटाने आलेले बहिरेपण आहे, व्यवसायामुळे जडलेला दमा आहे, सिलिकोसिस आहे, कापसाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा विकार आहे.

आमच्या पिंजारी बंधूंनी आणि मालेगावच्या यंत्रमागावर राबणाऱ्यांनी हे वाक्य नीट लक्षात ठेवावे. कापसाच्या धुळीने निकामी झालेले फुप्फुस यादीत आहे. त्याच कामाने निकामी झालेले मनगट, कोपर किंवा खांदा यादीत नाही.

आणि कायदा पुढे असेही सांगतो की यादीबाहेरच्या रोगाबद्दल भरपाई तेव्हाच मिळेल, जेव्हा तो रोग कामावरच्या एखाद्या विशिष्ट अपघाती इजेतून थेट उद्भवला असेल. १९२३ च्या कायद्यात हे कलम ३ च्या चौथ्या पोटकलमात होते. आरएसआयचे बहुतेक दावे या एका वाक्यावर अडतात. कायदा विचारतो, "कोणत्या दिवशी?" आणि झिजलेल्या हाताकडे दिवस नसतो.

यादीतल्या रोगांबाबत कायद्याने वेगळी सोय केली आहे. तिथे रोगामुळे सलग गैरहजेरी सुरू झाली तो पहिला दिवस अपघाताचा दिवस धरतात. म्हणजे हळूहळू जडणाऱ्या दुखण्याला तारीख कशी द्यायची, हे कायद्याला माहीत आहे. ती सोय फक्त यादीतल्या रोगांपुरती ठेवली आहे, इतकेच. यादीत भर घालण्याचा अधिकार सरकारला आहे. कामगार संघटनांनी, आणि आम्ही तर म्हणू की व्यापारी संघटनांनीही, मनगटाच्या आणि कंडरांच्या दुखण्यांसाठी ही मागणी लावून धरली पाहिजे. नियम स्पष्ट झाला तर प्रामाणिक मालकालाही विम्याची तरतूद करता येते.

वाद कोणत्या ठिकाणी अडतो?

व्यवहारात तीन प्रकारची प्रकरणे दिसतात. त्यांचा फरक समजून घेतला तर निम्मा गोंधळ दूर होतो.

पहिला प्रकार सरळ अपघाताचा. सुरा लागला, दाभण हातात घुसले, गोणी पायावर पडली. इथे कायदा स्पष्ट आहे.

दुसरा प्रकार झिजेवर झालेल्या घटनेचा. समजा, एका हमालाची पाठ दोन वर्षांपासून दुखत होती. एके दिवशी ट्रकमध्ये गोणी चढवताना कमरेत उसण भरली, तो खाली बसला आणि पुढे तपासणीत मणक्याची चकती सरकल्याचे निघाले. मालक म्हणेल, "याची पाठ आधीपासूनच खराब होती." पण इथे दिवस आहे, वेळ आहे, गोणी आहे, बघणारे आहेत. आधीची कमजोरी होती एवढ्याने दावा बाद होत नाही. कामाच्या ताणाने ती कमजोरी त्या दिवशी दुखापतीत बदलली, हे दाखवता आले पाहिजे.

तिसरा प्रकार निव्वळ झिजेचा. कोणतीही एक घटना नाही, वर्षानुवर्षांची मेहनत आहे आणि शेवटी हात उचलत नाही. आजच्या कायद्यात सर्वांत कठीण प्रकरण हेच. असा दावा निश्चित यशस्वी होईल असे सांगून आम्ही कोणाला खोटी आशा लावणार नाही.

दुसऱ्या प्रकाराबाबत न्यायालयांचे निर्णय उपयोगी आहेत. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या एका पहारेकऱ्याला हृदयविकार होता आणि त्याचा कामावर मृत्यू झाला. त्याच्या पत्नीच्या दाव्यात मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती म. क. छागला यांनी तत्त्व मांडले की काम हे मृत्यूचे एकमेव कारण असण्याची गरज नाही, कामाने त्याला हातभार लावला किंवा तो लवकर ओढवला, तरी पुरे. हा निकाल १९५४ च्या निवाडा-संग्रहात आहे आणि अजूनही त्याचा आधार घेतला जातो. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लांबच्या पल्ल्याच्या एका ट्रकचालकाच्या मृत्यूबाबत असाच विचार केला. सततच्या प्रवासाचा ताण न्यायालयाने लक्षात घेतला आणि भरपाई मंजूर केली. मात्र २००६ मध्ये एका ट्रकवरच्या क्लीनरच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने बजावले होते की कामावर मृत्यू आला म्हणून तो कामामुळेच आला असे आपोआप ठरत नाही. ताण आणि दुखणे यांचा संबंध पुराव्याने दाखवण्याची जबाबदारी दावा करणाऱ्याची आहे.

ही तिन्ही प्रकरणे हृदयविकाराची होती, हाताची नव्हती. पण जुन्या कमजोरीवर कामाचा ताण पडला तर काय, हा प्रश्न तोच आहे. निकाल फिरतो तो पुराव्यावर.

मालकाच्या बाजूने येणारी एक हरकत इथे सांगितली पाहिजे. कार्पल टनेलचा त्रास मधुमेहात, थायरॉइडच्या विकारात आणि गरोदरपणातही होतो. त्यामुळे "हे तुझ्या साखरेमुळे आहे" असे उत्तर येऊ शकते. कारागिराने साखर आणि थायरॉइडची तपासणी लपवू नये. उलट ती करून घ्यावी आणि मज्जातंतूंची तपासणीही करावी. ज्या हाताने कातर किंवा दाभण चालते त्याच हातात दुखणे जास्त असेल, तर तीही नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे.

भरपाईचा हिशेब

पूर्ण आणि कायमच्या अपंगत्वासाठी मासिक वेतनाच्या ६० टक्के रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात. ३० व्या वर्षी हा गुणक २०७.९८ आहे, ४० व्या वर्षी १८४.१७ आणि ५० व्या वर्षी १५३.०९. समजा कारागिराचे वय ४०, वेतन १२,००० रुपये. ६० टक्के म्हणजे ७,२०० रुपये. त्याला १८४.१७ ने गुणले की १३,२६,०२४ रुपये होतात. कमावण्याची शक्ती २० टक्क्यांनी घटली असे ठरले, तर याच्या २० टक्के म्हणजे सुमारे २,६५,२०५ रुपये. दुखापत तात्पुरती असेल, तर दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या २५ टक्के, म्हणजे या उदाहरणात ३,००० रुपये. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च देण्याची तरतूद २००९ च्या दुरुस्तीपासून आहे. त्यासाठी बिले जपून ठेवावी लागतात.

टक्केवारी कशी ठरते? तुटलेल्या अवयवांसाठी कायद्यात तक्ता आहे. अंगठा पूर्ण गेला तर ३० टक्के, एका हाताची चार बोटे गेली तर ५० टक्के. अवयव जागेवर आहे पण त्याचा उपयोग कायमचा आणि पूर्णपणे गेला, तर तोही गेल्यासारखाच धरतात. आरएसआयमध्ये मात्र उपयोग बहुधा अर्धवट जातो. तेव्हा तक्ता पुरत नाही आणि डॉक्टरांना कमावण्याच्या शक्तीतील घट ठरवावी लागते. इथे १९७५ च्या एका निर्णयाची आठवण ठेवावी. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वरून गेला होता. सर्वोच्च न्यायालयाने त्याला पूर्ण अपंगत्व मानले, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. म्हणजे हात किती गेला याबरोबर त्या हाताने कोणता हुन्नर चालत होता, हेही पाहिले जाते. टेलरने, खाटकाने, मिस्त्रीने डॉक्टरांना आपले काम नीट समजावून सांगावे. प्रमाणपत्रात नुसते "मनगट दुखते" असे आले तर त्याचा फारसा उपयोग होत नाही.

भरपाई देय झाल्यावर महिन्याभरात दिली नाही, तर १२ टक्के व्याज आणि सबळ कारण नसल्यास रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दंड बसू शकतो. दावा करण्याची मुदत दोन वर्षांची आहे.

हमाल, ठेकेदार आणि तुकड्यावरचे काम

बाजार आवारातील हमालांसाठी १९६९ चा महाराष्ट्र माथाडी कायदा आहे. अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीतून तो आला. मंडळात नोंदलेल्या माथाडी कामगाराला भरपाईच्या कायद्याचे संरक्षण या कायद्यानेच दिले. एप्रिल २०२४ मध्ये हमाली, तोलाई आणि वाराईच्या कपातीवरून नाशिक जिल्ह्यातील बाजार समित्यांत व्यापारी आणि माथाडी यांच्यात वाद झाला आणि कांद्याचे लिलाव बंद पडले. चर्चा पैशांच्या कपातीभोवती फिरली. पाठ आणि खांदा यांचा विषय अशा वादांत बाजूलाच पडतो. वास्तविक गोणीचे वजन हा आरोग्याचाही प्रश्न आहे. वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात ५० किलोपेक्षा जड गोणी उचलणार नाही, अशी भूमिका माथाडी कामगारांनी घेतली, त्यामागे हेच कारण होते.

मुकादमामार्फत मजूर आणले म्हणून व्यापारी मोकळा होत नाही. आपल्या धंद्याच्या नेहमीच्या कामासाठी ठेकेदाराकडून माणसे घेतली, तर कामगार मूळ मालकाकडे भरपाई मागू शकतो आणि मालक ती नंतर ठेकेदाराकडून वसूल करू शकतो. घरी नेऊन तुकड्यावर शिवणाऱ्यांचा प्रश्न अधिक अवघड आहे. तो कर्मचारी आहे की स्वतंत्र कारागीर, इथूनच वाद सुरू होतो. म्हणून कोणी किती तुकडे दिले आणि किती मजुरी दिली, याची वही दोघांनीही ठेवावी. आणि जो स्वतःच्या दुकानात स्वतःच राबतो, त्याला भरपाई देणारा कोणीच नाही. वर्षाला २० रुपयांची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आहे, पण ती अपघातापुरती आहे, झिजेची नाही. त्याने आपला हात हेच भांडवल समजून ते आधीच जपावे.

मालकाने काय करावे?

१. काम आलटून-पालटून द्यावे. सकाळी टाके घालणाऱ्याला दुपारी मोजणीवर किंवा निवडीवर बसवावे.

२. दर तासाला काही मिनिटे हात मोकळा करू द्यावा. तुकड्यावर मजुरी असेल तर कारागीर स्वतःहून थांबत नाही, म्हणून मालकानेच थांबवावे.

३. अवजार दुरुस्त ठेवावे. बोथट कातर, बोथट सुरा आणि बारीक मुठीचे दाभण मनगटाचा दुप्पट जोर खातात. टेबलाची उंची कोपराच्या बेताने ठेवावी.

४. गोण्या शिवण्याचे हातयंत्र आणि माल हलवायला चाकांची गाडी परवडत असेल तर घ्यावी. तो खर्च एका दाव्यापेक्षा कमीच असतो.

५. नोंदवही ठेवावी. कोणी दुखण्याची तक्रार केली तर तारीख घालून लिहावी आणि हलके काम द्यावे. तक्रार लिहिली म्हणजे गुन्हा कबूल केला असे होत नाही. उलट आपण दखल घेतली याचा तो पुरावा असतो.

६. विमा घेताना नीट वाचावे. कामगार भरपाईची पॉलिसी सहसा कायद्याने येणारी जबाबदारीच उचलते. उपचारखर्च आणि व्यावसायिक रोग यांसाठी वेगळा हप्ता लागतो का, हे एजंटाकडून लेखी घ्यावे. दहा किंवा जास्त माणसे असतील तर ईएसआयचीही चौकशी करावी. ती लागू असल्यास दावा मालकाऐवजी महामंडळाकडे जातो.

कारागिराने काय करावे?

१. दुखणे सुरू होताच मालकाला सांगावे आणि शक्य असेल तर चार ओळी लिहून द्याव्यात. एक प्रत आपल्याजवळ ठेवावी.

२. काम करताना अचानक कळ आली, चमक भरली, हातातली वस्तू सुटली, तर तो दिवस, वेळ, काम आणि जवळ असलेल्यांची नावे त्याच दिवशी लिहून ठेवावीत. वर सांगितलेल्या दुसऱ्या प्रकारच्या दाव्याचा पाया हाच आहे. पण घडले नाही ते घडले म्हणून लिहू नये. खोट्या तारखेने एक दावा बुडतो आणि पुढच्या दहा खऱ्या माणसांवरचा विश्वासही उडतो.

३. डॉक्टरांना पहिल्याच भेटीत आपले काम सांगावे. दिवसाला किती तास, कोणते अवजार, किती वर्षे, हे केसपेपरवर लिहायला विनंती करावी. मालीश आणि मलमावर महिने घालवू नयेत.

४. मजुरीच्या चिठ्ठ्या, हजेरीकार्ड, बँकेतील जमा जपावी. नोकरीच सिद्ध झाली नाही तर पुढचे काहीच उभे राहत नाही.

५. वाद वाढलाच तर नाशिकच्या कामगार उपआयुक्त कार्यालयात आपला दावा कोणत्या प्राधिकाऱ्याकडे जातो याची चौकशी करावी. दोन वर्षांची मुदत चुकवू नये.

सुलह करा, पण कागदावर

आपल्याकडे असे बरेच वाद जमातीच्या चार बुजुर्गांसमोर मिटतात. ही चांगली रीत आहे. न्यायालयातली वर्षे वाचतात आणि नातीही टिकतात. मात्र "पाच हजार घे आणि विसर" असा तोंडी समझोता कायद्यात टिकत नाही. कायद्याने मिळणारा हक्क सोडून देण्याचा करार रद्दबातल ठरतो. एकरकमी तडजोड झाली तर तिचा लेखी करार सक्षम प्राधिकाऱ्याकडे नोंदवला पाहिजे. तसे केले तर कारागिराला योग्य रक्कम मिळते आणि मालकालाही पुन्हा दावा येण्याची भीती राहत नाही.

आणखी एक गोष्ट आमच्या मालक बंधूंनी ध्यानात घ्यावी. कामगाराचे जे देणे आहे ते जकातीच्या हिशेबात टाकू नये. देणे वेगळे आणि जकात वेगळी. मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी चुकती करण्याची आणि ताकदीबाहेरचे काम टाकलेच तर स्वतः हातभार लावण्याची प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. सूरह अल-कससमध्ये हजरत मूसा (अ.) यांना मदयनमध्ये कामावर ठेवल्याचा प्रसंग आहे. तिथे कामाची मुदत ठरवतानाच, कामावर ठेवणाऱ्याने त्यांना त्रासात न टाकण्याचा इरादाही सांगितला आहे. मुदत, मोबदला आणि त्रास न देण्याची हमी, या तिन्ही गोष्टी एकाच बोलणीत आल्या. आपल्या दुकानात कारागीर ठेवताना आपण पहिल्या दोन गोष्टी ठरवतो आणि तिसरी विसरतो.

कायद्याची यादी आज झिजलेल्या मनगटाला ओळखत नाही. ती उद्या बदलेल किंवा बदलणार नाही. तोवर मालकाला "कायद्यात नाही" म्हणून हात झटकता येतील, पण ज्या हाताने त्याच्या गोण्या शिवल्या तो हात त्याच्या ओळखीचा आहे. टोमॅटोचा हंगाम ऑगस्टमध्ये सुरू होतो आणि पुढे द्राक्षांची कामे येतात. हंगामाच्या आधी मालक आणि कारागिरांनी एक बैठक घ्यावी, वरच्या यादीतले काय जमते ते ठरवावे आणि नोंदवहीचे पहिले पान त्याच दिवशी लिहावे, ही आमची विनंती.